प्लॅस्टिकचे चिलखत: जोड, गोंद आणि अंगाचे माप

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची निघाली. घरी केलेल्या पोशाखासाठी प्लॅस्टिकचे चिलखत कसे जोडावे, कोणता गोंद वापरावा आणि जोडून झालेले चिलखत अंगावर नीट कसे बसवावे, असे हे प्रश्न आहेत. त्यांतील पाच निवडून उत्तरे देत आहे. एक गोष्ट मात्र सर्वांसाठी आधीच सांगतो, कारण आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तीच आहे. ज्या दोन तुकड्यांचा कायमचा एक तुकडा करायचा आहे, तिथेच गोंद लावावा; जे दोन तुकडे चालताना, वाकताना किंवा बसताना एकमेकांपासून हलणार आहेत, तिथे पट्टा, टिच बटण किंवा रिव्हेट हवी. हलणारी जागा चिकटवली की गोंद कितीही चांगला असला तरी एक तर जोड सुटतो, नाही तर त्याच्या शेजारचे प्लॅस्टिक तडकते.

प्रश्न: १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील पांढऱ्या शिपायाच्या चिलखताचा सुटा संच मी परदेशातून मागवला आहे. हात आणि पाय यांचे भाग उभे चिरल्यासारखे दोन-दोन अर्धुकांत आले आहेत. ते कडेला कड लावून जोडायचे की एकावर एक चढवून? शिवाय त्यासाठी फेवीक्विक पुरेल का? (नाशिक)

हे भाग अर्धुकांत का येतात, ते समजले की जोडण्याची पद्धत आपोआप उलगडते. तापवून मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर टाकून खालची हवा ओढून घेतात. पत्रा साच्याला बिलगतो आणि थंड झाल्यावर उचलून काढतात. नळीसारखा पूर्ण गोल आकार अशा रीतीने साच्यावरून निघू शकत नाही, म्हणून दंड, मनगट, मांडी आणि पोटरी यांचे आतल्या व बाहेरच्या बाजूचे अर्धे भाग वेगळे काढावे लागतात. चित्रपटासाठी केलेली मूळ चिलखतेही याच पद्धतीची होती. त्यांत दोन कडा समोरासमोर टेकवून वरून त्याच प्लॅस्टिकची सपाट पट्टी चिकटवलेली दिसते. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ५०१ लीजन ही हौशी संघटना सदस्यत्व देण्यापूर्वी पोशाखाची छायाचित्रे तपासते, आणि त्या तपासणीत या पट्ट्याही पाहिल्या जातात. मूळ रूपाशी प्रामाणिक राहायचे असेल, तर कडेला कड लावून वर पट्टी हीच पद्धत घ्यावी. एकावर एक चढवलेला जोड करायला सोपा असतो हे खरे, पण त्याची पायरी लांबूनही दिसते.

आता प्लॅस्टिकची ओळख पटवू. असे संच बहुधा एबीएसचे किंवा हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनचे असतात. खात्री करायची असेल तर कापून उरलेला नखाएवढा तुकडा घ्यावा आणि एका पेल्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालून त्या खाऱ्या पाण्यात टाकावा. एबीएस आणि पॉलिस्टायरीन साध्या पाण्यात बुडतात, पण अशा खाऱ्या पाण्यात तरंगतात. पीव्हीसी दोन्हीकडे बुडते. साध्या पाण्यावरच तुकडा तरंगला, तर ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन आहे असे समजावे आणि त्यासाठी पुढचे कोल्हापूरच्या पत्राचे उत्तर वाचावे.

फेवीक्विकविषयी स्पष्ट सांगतो: मुख्य जोडांसाठी तो वापरू नये. फेवीक्विक ज्या प्रकारचा आहे तो सायनोॲक्रिलेट गोंद सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. सरळ ओढ तो उत्तम सहन करतो, पण पोटरीचे कवच पाऊल टाकताना किंचित पिळवटते आणि तो पीळ त्याला सोसत नाही. शिवाय एकदा चिकटलेला जोड सोडवायची सोय राहत नाही. माझ्या पहिल्या चिलखताची डावी मांडी मी याच गोंदाने जोडली होती. जिना उतरताना ती वरपासून खालपर्यंत उकलली, आणि कडा घासून पुन्हा जोडायला गेलो तेव्हा मांडीचा घेर चार मिलिमीटरने कमी झाला होता. या कामासाठी रबरासारखा लवचीक राहणारा ई-६००० हा गोंद मी सुचवेन. तो हळू सुकतो, पण चूक झाली तर काळजीपूर्वक सोलून जोड पुन्हा करता येतो, आणि पहिलाच संच करणाऱ्याला ही सवलत फार मोलाची असते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत मिळणारा बी-७००० हाही लवचीक असून छोट्या, हलक्या भागांना चालतो. नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल लाकडासाठी आहे. प्लॅस्टिकमध्ये तो मुरत नाही, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही.

कृती अशी करावी. पुढच्या जोडाच्या दोन्ही कडा सारख्याच कापाव्यात, म्हणजे पट्टी भागाच्या बरोबर मधोमध येते; घेर कमी करायचा असेल तर तो मागच्या जोडातून करावा. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावून तिच्या कडेने कटरने तीन-चार हलके चरे पाडावेत आणि पत्रा चऱ्यावर मागे-पुढे वाकवावा. तो स्वच्छ मोडतो. एका दमात आरपार कापायचा प्रयत्न केला की कटर घसरतो आणि बोटावर येतो. पट्ट्या संचाबरोबर आलेल्या सपाट पत्र्यातून काढाव्यात. हातांना १५ मिलिमीटर, पायांना पुढे २० आणि मागे २५ मिलिमीटर रुंदी या छंदात रूढ आहे. जिथे पट्टी बसणार तिथली चकाकी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घालवावी, धूळ झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसावी आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नये.

पट्टी एकाच दिवशी दोन्ही अर्धुकांवर चिकटवू नये. पहिल्या दिवशी तिची अर्धी रुंदी एका अर्धुकावर चिकटवावी, पूर्ण २४ तास जाऊ द्यावेत आणि मग उरलेल्या रुंदीवर गोंद लावून दुसरे अर्धुक आणून टेकवावे. गोंदाची रेघ काडेपेटीतल्या काडीएवढी, नागमोडी आणि कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत असावी. दाबून धरण्यासाठी नळीच्या आत कपड्यांचा चिमटा पोहोचत नाही, म्हणून निओडायमियमची छोटी लोहचुंबके जोडीने वापरावीत. एक आत, एक बाहेर, प्रत्येक तीन-चार सेंटिमीटरवर एक जोडी, आणि चुंबकाखाली बेकिंगचा चोपडा कागद, म्हणजे ती गोंदात अडकत नाहीत. ही चुंबके लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दोन चुंबके पोटात गेली तर आतडे मध्ये चिमटले जाते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. कडेने बाहेर आलेला गोंद ओला असताना पुसू नये आणि त्यावर एसीटोन तर मुळीच लावू नये, कारण पत्र्याची चकाकी कायमची जाते. तो अर्धवट सुकून चिवट झाला की नखाने वळवत काढावा. खोडरबराच्या सुरळीसारखा निघून येतो.

एका गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. दोन अर्धुके टेकवल्यावर ती आपणहून उघडू पाहत असतील, तर ती तशीच दाबून चिकटवू नयेत. तसे केले तर त्या गोंदाला रात्रंदिवस ओढ धरून ठेवावी लागते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळीला येऊ द्यावे, गॅस बंद करावा, जाड हातमोजे घालून त्या भागाची कड काही सेकंद पाण्यात धरावी, बाहेर काढून हव्या त्या वळणात दाबावी आणि थंड पाण्याखाली धरून आकार पक्का करावा. एकेक सेकंद वाढवत जावे, कारण साच्याची नक्षी असलेला भाग जास्त तापला तर ती नक्षी पसरते. जोड न दाबताही बंद राहू लागला की मग गोंदाची नळी उघडावी. नळी उघडाल तेव्हा खिडक्याही उघड्या ठेवा. ई-६००० मधील वाफ डोके जड करते, आणि वातानुकूलित बंद खोलीत हे काम करणे योग्य नाही.

प्रश्न: शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवकाळावरचे नाटक आहे. जुन्या निळ्या ड्रमचे प्लॅस्टिक कापून सरदारांसाठी छातीचे आणि पाठीचे पत्रे केले. फेविबॉण्ड आणि ॲराल्डाइट दोन्ही लावून पाहिले, पण सुकल्यावर गोंद पापडासारखा निघून येतो. आमचे काय चुकते? (कोल्हापूर, एक शिक्षक)

आपले काहीही चुकलेले नाही; हे प्लॅस्टिकच गोंद धरत नाही. निळे ड्रम हाय-डेन्सिटी पॉलिथिलीनचे असतात. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्यावर गोंद पसरत नाही, आणि नेहमीच्या बाजारातला कोणताही द्रावक त्याला विरघळवत नाही. तुकडा पाण्यावर तरंगतो यावरूनही त्याची ओळख पटते. मात्र माल उत्तम आहे. चिवट आहे, तडकत नाही, आणि मुले रंगमंचावर आपटली तरी टिकतो. युरोप-अमेरिकेत मध्ययुगीन लढायांचे खेळ करणारे हौशी लोकही याच ड्रमची चिलखते करतात, आणि तेही ती चिकटवत नाहीत, रिव्हेट मारतात. फक्त ड्रममध्ये पूर्वी काय होते याची खात्री करून घ्या. रसायनाचा ड्रम मुलांच्या अंगाला लावू नये; खाद्यपदार्थांचाच घ्यावा.

आपल्या नाटकाला तर न चिकटवणे अधिक शोभेल. त्या काळातील चारआईना हे चिलखत पाहा: छाती, पाठ आणि दोन कुशी असे चार पत्रे, कुशीच्या पत्र्यांना काखेसाठी वर खोलगट कापलेले, आणि चारही पत्रे पट्ट्यांनी व बकलांनी एकमेकांना बांधलेले. ज्या लोहाराने तो केला, त्याने माणसाला श्वास घेता यावा म्हणून जोड सैल ठेवले. आपणही तेच करावे. प्रत्येक पत्र्याच्या कडेपासून दीड सेंटिमीटर आत भोके पाडून चार मिलिमीटरच्या पॉप रिव्हेटने निवारीचे किंवा चामड्याचे पट्टे बसवावेत. रिव्हेटच्या मागे वॉशर घालायला विसरू नये. वॉशर नसेल तर दोन-तीन तालमींत भोक मोठे होऊन पट्टा निसटतो. रिव्हेटचे आतले टोक बोचते, म्हणून त्यावर फोमचा तुकडा शिवून टाकावा. पत्र्यांचे कोपरे गोल करावेत आणि कडा कानशीने मारून घ्याव्यात. एखाद्या चांभाराकडे हे पत्रे नेले तर बकलांसह अर्ध्या दिवसात काम होईल, आणि पट्टा कोठे ओढला जाईल हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते.

रंगाचेही गोंदासारखेच होते. स्प्रेचा रंग ड्रमच्या प्लॅस्टिकवरून सोलला जातो. पत्र्यावर चंदेरी रेक्झिन किंवा कापड ताणून, त्याच रिव्हेटांखाली त्याच्या कडा दाबाव्यात. चिकटवण्यावाचून गत्यंतरच नसेल तर ड्रम बाजूला ठेवून तीन किंवा पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (फलकांसाठी वापरतात तो हलका फोमचा पत्रा) घ्यावा. त्यावर फेविबॉण्डसारखा रबरी गोंद छान बसतो. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि बोटाला चिकटेनासा झाला की एकदाच नेमके टेकवून दाबावे, कारण नंतर सरकवता येत नाही.

प्रश्न: थ्री-डी प्रिंटरवर काढलेले खांद्याचे कवच दोन भागांत ॲराल्डाइटने जोडले होते. दुपारी गाडीत ठेवले आणि संध्याकाळी पाहिले तर जोड उघडलेला आणि कवच चपटे झालेले. गोंद खराब होता का? (ठाणे)

गोंद खराब नव्हता. आपले कवच पीएलए या थ्री-डी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचे असावे. ते साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढे तापमान सहज होते. प्लॅस्टिक वाकले आणि न वाकणारा गोंद त्यापासून सुटला. यापुढे अंगावर घालायचे भाग पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये काढून घ्यावेत, ते ८० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. एबीएस त्याच्याही पुढे, सुमारे १०५ पर्यंत. पीएलएवर एसीटोनचा प्रयोग मात्र करू नये. एबीएससारखे ते त्याने जुळत नाही.

प्रश्न: माझे पांढरे चिलखत पूर्ण झाले, पण घातल्यावर मांडीचे कवच गुडघ्याच्या मागे रुतते, रेल्वेचा पूल चढता येत नाही, आणि छाती-पाठ जोडणारे टिच बटण आतून दोनदा निखळले. सर्व पुन्हा सोडवावे लागेल का? (डोंबिवली)

सोडवावे लागणार नाही. आपली उंची पाच फूट तीन इंच असल्याचे आपण लिहिले आहे. हे संच पावणेसहा-सहा फुटांच्या पुरुषांच्या मापाने केलेले असतात, त्यामुळे आपल्या बाबतीत लांबीही कापावी लागणार, आणि ते जोड तसेच ठेवून करता येते. मांडीच्या कवचाची खालची मागची कड गुडघ्यामागील खळगीत येते. चिलखताच्या आत घालायचा काळा अंगचा पोशाख आधी घाला, कारण उघड्या पायावर घेतलेले माप फसवते. मग मांडीचे कवच चढवून खुर्चीवर बसा आणि घरातल्या कोणाला तरी रुतणाऱ्या जागेवर पेन्सिलने खूण करायला सांगा. उभे राहून केलेली खूण उपयोगाची नाही. त्या खुणेपर्यंत एकदम न कापता चंद्रकोरीसारखा पाच-पाच मिलिमीटरचा काप घ्यावा, दर वेळी घालून बसून पाहावे आणि एक पायरी चढून पाहावी. पोटरीच्या कवचाचीही वरची मागची कड याच खळगीत येते, म्हणून दोन्ही कडांत बसलेल्या स्थितीत दोन बोटे मावतील एवढी जागा उरली पाहिजे. शेवटी कड ४०० नंबरच्या पेपरने गोल करावी. कापलेली ताजी कड पातळ कापडातूनही कातडी सोलते. ही सर्व मापे संध्याकाळी घ्यावीत. दिवसभर उभे राहिल्यावर पोटऱ्या किंचित सुजतात, आणि सकाळी नेमके बसलेले कवच चार वाजता आवळू लागते.

मांडीचे कवच खाली घसरू नये म्हणून काही जण ते आतून फोम भरून घट्ट करतात. मी ते टाळायला सांगेन, कारण उकाड्यात फोम घाम धरतो आणि रक्तप्रवाह दाबला जातो. कमरेला आतून एक रुंद पट्टा बांधून त्यापासून दोन निवारी खाली सोडाव्यात आणि मांडीची कवचे त्यांना टांगावीत. वजन कमरेवर येते आणि पाय मोकळे राहतात.

टिच बटणाचे पाहू. आपण बटण बहुधा थेट प्लॅस्टिकला ठोकले असावे किंवा रुपयाएवढ्या तुकड्यावर चिकटवले असावे. टिच बटण उघडताना आपण ते वर उपटतो, आणि कोणत्याही गोंदाला उपटण्याचा जोर सर्वांत वाईट. त्यामुळे बटण नायलॉनच्या निवारीच्या सुमारे सात-आठ सेंटिमीटर लांब तुकड्याच्या एका टोकाला ठोकावे, तुकड्याची कापलेली टोके मेणबत्तीवर धरून बंद करावीत आणि फक्त दुसरा अर्धा भाग प्लॅस्टिकला चिकटवावा. बटणाचा भाग मोकळा राहतो, तो उपटताना निवार वाकते आणि जोर गोंदाच्या रुंद क्षेत्रावर पसरतो. निवारीच्या विणीत गोंद अक्षरशः मुरला पाहिजे; तो दाबल्यावर विणीतून टिपक्याटिपक्यांनी वर आलेला दिसला की प्रमाण बरोबर आहे. यावर तीन दिवस भार देऊ नये. आपले बटण दोनदा निखळण्याचे कारण हेही असू शकते की पावसाळी हवेत आपण दुसऱ्याच दिवशी ते ओढून पाहिले.

आणखी एक विनंती. पुलावर चढण्याआधी शिरस्त्राण काढून हातात घ्यावे. त्याच्या काचांतून पायाखालचे दिसत नाही, आणि गर्दीच्या जिन्यावर ही जोखीम कोणी घेऊ नये.

प्रश्न: दंडाचे कवच कापताना रेषा चुकली आणि जोडात एका टोकाला तीन मिलिमीटरची फट राहिली. भरता येईल का? तसेच जवळच्या एका भागावर फेवीक्विकचा पांढरा धूर बसला आहे. (सातारा)

फट भरता येईल, आणि तीही त्याच पांढऱ्या रंगात. कापून उरलेले एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घालून ते बुडतील एवढे एसीटोन ओतावे आणि झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवावे. सकाळी काडीने ढवळल्यावर श्रीखंडाइतके घट्ट झाले पाहिजे. पातळ वाटले तर आणखी तुकडे घालावेत. नेलपॉलिश रिमूव्हर यासाठी घेऊ नये, त्यात बऱ्याचदा एसीटोन नसतेच. एसीटोन फार लवकर पेट घेते, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात किंवा समई-उदबत्ती चालू असलेल्या खोलीत करू नये.

फटीच्या मागून पत्र्याची पट्टी चिकटवून आधार द्यावा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी आणि लगदा पातळ थरांत भरावा. एकदम जाड थर दिला तर आतले एसीटोन कोंडते, बुडबुडे येतात आणि खालचा पत्रा मऊ होऊन खचतो. प्रत्येक थर सुकताना आक्रसतो, म्हणून शेवटचा थर पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवून दोन दिवस थांबावे आणि मग २२० नंबरने सपाट करावे.

पांढऱ्या धुराचे कारण असे की फेवीक्विकची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून आसपास बसते, आणि दमट दिवसांत ती जास्त दिसते. हा थर वरवरचा असतो. त्यावर एसीटोन लावू नये. ८०० आणि नंतर १५०० नंबरचा पाण्याचा पेपर हलक्या हाताने फिरवावा आणि गाडीच्या रंगासाठी मिळणाऱ्या रबिंग कंपाउंडने मऊ सुती फडक्याने चोळावे. सुरुवात आतल्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यावर करून चकाकी परत येते का ते पाहावे आणि मगच दर्शनी भागाला हात लावावा.